घाटात तापलेली डिस्क: बदलायची, घासायची की तशीच ठेवायची?

पार्श्वभूमी

गाडी सात आसनी, डिझेल, मॅन्युअल गिअरची. साधारण ६० हजार किलोमीटर चाललेली, पुढे डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती) आणि मागे ड्रम. मालक पुण्याचे, बँकेतून निवृत्त झालेले. इथे त्यांना काका म्हणू. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदललेले आहेत.

मे महिन्यात ही मंडळी महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरून पुढे कोकणात निघाली होती. गाडीत सात माणसं, टपावर बॅगा, आणि स्टिअरिंगवर जावई. जावई महामार्गावर सफाईदार चालवणारे, पण लांबलचक घाट भरल्या गाडीने उतरायची ही पहिलीच वेळ. चौथ्या गिअरमध्ये, जवळजवळ सलग ब्रेकवर पाय ठेवून गाडी उतरली, हे आम्हा गॅरेजवाल्यांना फार उशिरा कळलं. कोणत्या गिअरमध्ये होतात, हा प्रश्न जावयाला घरात कोण विचारणार?

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटरवर आणि पोलादपूर जवळजवळ तळाशी. माणसांसकट २,३०० किलोची गाडी तेवढी खाली आणायची म्हणजे २.८ कोटी जूलच्या आसपास ऊर्जा कुठेतरी मुरवावी लागते. ८० लिटर गार पाण्याला उकळी फुटेल एवढी ती उष्णता आहे. टायरचं घर्षण आणि हवा त्यातला काही वाटा उचलतात, गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर इंजिन बराच उचलतं. उरलेल्यातलं बरंचसं पुढच्या दोन डिस्कवर येतं, कारण ब्रेकचं बरंचसं काम पुढची चाकंच करतात.

घाटात काय झालं

प्रतापगड फाट्याच्या पुढे काही वळणांनंतर जळकट वास यायला लागला. त्यानंतर थोड्याच वेळात पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागलं. जावयांनी गाडी बाजूला घेतली तेव्हा उजव्या पुढच्या चाकातून धूर येत होता. कोणीतरी बाटलीतलं पाणी ओतायला निघालं होतं, काकांनी अडवलं. हा त्या दिवसातला सगळ्यात चांगला निर्णय. लालबुंद नसली तरी तीन-चारशे अंशांवर गेलेल्या बिडाच्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती तडकायला वेळ लागत नाही.

वीसेक मिनिटं थांबल्यावर पेडल पुन्हा कडक झालं आणि 'झालं बरोबर' म्हणून सगळे निघाले. पेडल बरोबर झालं होतं हे खरं, पण ते का गेलं होतं याचा विचार झाला नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही; पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. डॉट ३ असेल तर २०५ वरून १४० वर. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं. गार झालं की बुडबुडे विरतात आणि पेडल परत येतं. पाणी मात्र ऑइलमध्येच असतं, पुढच्या उतारावर पुन्हा तेच करायला.

पोलादपूरला हायवेला लागताना चौकात बराच वेळ ब्रेक दाबून उभं राहावं लागलं. हा तपशील काकूंनी सांगितला, आणि तो पुढे कामाला आला.

वाटेतल्या एका गॅरेजमध्ये पुढचे पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पट्ट्या) बदलले गेले. डिस्कवर एमरी पेपर मारला, चाकं एअर गनने कसली आणि गाडी मार्गी लागली. सुट्टीतल्या गर्दीत त्या मेकॅनिकने जे केलं ते वाईट म्हणता येणार नाही. फक्त काहीच मोजलं नाही.

तक्रार

तीन आठवड्यांनी काका आमच्याकडे आले. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना ८० च्या वेगात ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं, ४० च्या खाली थरथर जाणवत नाही. त्या उताराचा अपघातांचा लौकिक पुणेकरांना सांगायला नको. काका म्हणाले, "डिस्क वाकलीय म्हणतात सगळे. टर्निंग करून टाका."

'डिस्क वाकली' हे आपल्याकडचं सर्वसाधारण निदान. प्रत्यक्षात चांगल्या प्रतीची डिस्क तापून ताटासारखी वाकल्याची उदाहरणं फार कमी सापडतात. बहुतेक वेळा थरथर येते ती जाडीतल्या फरकामुळे: कुठे पॅडचा मसाला चिकटून थर झालेला असतो, कुठे डिस्क कमी-जास्त झिजलेली असते, कुठे ती हबवर (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागावर) नीट बसलेलीच नसते. या तिन्हींचा इलाज वेगळा आहे. म्हणून टर्निंगला, म्हणजे डिस्क लेथवर घासून सपाट करायला, हो म्हणण्याआधी काकांकडे अर्धा दिवस मागून घेतला.

तपासणी

आधी रोड टेस्ट. थरथर स्टिअरिंगमध्ये होती, सीटमध्ये नव्हती, म्हणजे रोख पुढच्या चाकांकडे. रिकाम्या सरळ रस्त्यावर, कमी वेगात, बटण दाबून धरून हँडब्रेक हलका ओढला. मागच्या ड्रमवर थरथर नव्हती. परत आल्याबरोबर टेम्परेचर गनने डिस्क पाहिल्या: डावी ११० अंश, उजवी १७५. हा पहिला महत्त्वाचा टप्पा. नुसती डिस्क खराब असती तर दोन्ही बाजूंच्या तापमानात एवढी तफावत पडली नसती. उजवीकडे आजही काहीतरी घासत होतं. तेव्हा प्रश्न 'डिस्कचं काय करायचं' एवढाच राहिला नाही. ती कशाने तापतेय हे आधी शोधायचं ठरलं.

चाक काढण्यापूर्वी नट तपासले. पाचपैकी दोन इतके कसलेले की पाइप लावून सोडवावे लागले, एक त्यामानाने ढिला. एअर गनची ही नेहमीची देणगी. असमान कसलेल्या नटांनी डिस्क हबवर किंचित तिरकी बसते, आणि तिरकी बसलेली डिस्क काही हजार किलोमीटरमध्ये स्वतःची जाडी स्वतःच असमान करून घेते.

उजव्या डिस्कची बाहेरची बाजू दिसायला स्वच्छ होती. एमरी पेपर तिथेच लागला होता. गाडीखाली बॅटरी घेऊन आतली बाजू पाहिली तेव्हा चित्र वेगळं होतं: निळसर-जांभळी झाक, त्यात दीड-दोन सेंटिमीटरचे गडद ठिपके, अंतराअंतराने, पूर्ण फेरीभर. काही ठिपक्यांभोवती बारीक भेगांची जाळी. चाक लावलेलं असताना अलॉयच्या फटींतून दिसते ती बाहेरची बाजू. पॅड डिस्कवर दाबणारा भाग म्हणजे कॅलिपर. तरंगत्या कॅलिपरमध्ये पॅड ढकलणारा पिस्टन आतल्या बाजूला असतो, आणि कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना अडकल्या की सगळा भार आतल्या पॅडवर येतो. म्हणून तापलेल्या डिस्कची खरी हकिगत आतल्या बाजूला वाचायची.

निळ्या रंगाने घाबरायचं कारण नाही. सुमारे ३०० अंशांपाशी पृष्ठभागावर बारीक ऑक्साइडचा थर येतो, त्याचा हा रंग. सगळीकडे सारखी निळी झालेली पण मोजमापात बसणारी डिस्क पुढे वर्षानुवर्षं चालू शकते. ठिपके ही वेगळी गोष्ट आहे. तिथे बीड ७०० अंशांच्या पुढे गेलं, लगेच आजूबाजूच्या धातूने त्यातली उष्णता ओढून घेतली, आणि तेवढ्या जागेत बिडाची रचना बदलून कडक, ठिसूळ मार्टेन्साइट तयार झालं. ते किंचित फुगतं, झिजतं कमी, आणि शेजारचं मऊ बीड झिजत गेलं की ठिपका अधिकच उंच होतो. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे कानस. चांगल्या भागावर कानस धरते, ठिपक्यावरून घसरते. आमची घसरली, एका नाही, सगळ्या ठिपक्यांवरून.

मग मोजमाप. व्हर्नियर बाजूला ठेवून मायक्रोमीटर घेतला, कारण व्हर्नियरचे जबडे डिस्कच्या काठावरच्या न झिजलेल्या गंजक्या कडेवर बसतात आणि झिजलेली डिस्क जाड दाखवतात. काठापासून १० मिलिमीटर आत, खडूने आखलेल्या आठ जागांवर मोजलं. नवी डिस्क २८ मिलिमीटर, आणि तिच्यावरच कोरलेली किमान जाडी २६. डावी सगळीकडे २७.३, फरक ०.०१ च्या आत. उजवी २७.०५ ते २७.०९, म्हणजे ०.०४ चा फरक. किमान जाडीच्या हिशेबात दोन्ही पास. पण जाडीतला फरक ०.०२ च्या पुढे गेला की हायवेच्या वेगात हाताला कळतो. फक्त 'जाडी आहे की भरपूर' म्हणून सोडून दिली असती तर उजवी डिस्क निर्दोष ठरली असती.

फिरताना डिस्क किती डुलते ते दाखवणाऱ्या डायल गेजवर उजव्या डिस्कचा आकडा आल्या अवस्थेत ०.१३ मिलिमीटर होता. नट टॉर्क पान्याने चांदणीच्या क्रमाने, सारखे कसल्यावर ०.०९. डिस्क उतरवून हबवरचा गंज वायर ब्रशने साफ करून पुन्हा बसवल्यावर ०.०५. म्हणजे 'वाकलेल्या' डिस्कचं निम्म्याहून जास्त वाकडेपण गंजाचं आणि नटांचं होतं.

आता तापायचं कारण. कॅलिपरच्या दोन पिनांपैकी खालची हाताने हलेना. पक्कड लावून काढली तर रबरी बूट फाटलेला आणि आत ग्रीसच्या जागी तपकिरी पेस्ट. काकांना विचारलं, "जुने पॅड परत घेतले होते का?" डिकीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले निघाले. काकूंची शिस्त. उजवीकडचा आतला पॅड २ मिलिमीटरवर आलेला, कडा भुसभुशीत झालेल्या. त्याच बाजूचा बाहेरचा ६ मिलिमीटर शिल्लक. घाटात गाडी जाण्याच्या कितीतरी आधीपासून ती पिन अडकलेली होती, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळाला नसता. तीन आठवड्यांपूर्वी घातलेला नवा आतला पॅडसुद्धा बाहेरच्यापेक्षा मिलिमीटरभर जास्त झिजला होता.

ब्रेक ऑइल काळपट, टेस्टरवर पाणी ३ टक्क्यांच्या वर. सर्व्हिस बुकात ते बदलल्याची नोंद नाही. पिस्टनचं धुळीपासून बचाव करणारं रबर उजवीकडे कडक होऊन तडकलेलं. व्हील बेअरिंगला ढिलेपणा किंवा आवाज नव्हता. ब्रेक होज ठीक.

भेगांसाठी शेवटी डाय टेस्ट केली. लाल डाय लावून, पुसून, वर पांढरा डेव्हलपर फवारला. बारीक जाळी फिकट उमटली, ती पृष्ठभागापुरती. एक भेग मात्र ठळक लाल रेष काढत काठाच्या दिशेने गेली होती आणि काठापासून जेमतेम ३ मिलिमीटरवर थांबली होती. तिच्यावर नख अडकत होतं.

पर्याय

पहिला: हब साफ करून, पिना मोकळ्या करून, त्याच डिस्क आणि तेच पॅड नीट बेडिंग करून (ठरावीक पद्धतीने ब्रेक लावत एकमेकांवर बसवून) वापरायचे. दोष फक्त चिकटलेल्या मसाल्याचा असता तर हा उत्तम आणि सगळ्यात स्वस्त उपाय होता. पोलादपूरच्या चौकात गरम पॅड डिस्कवर दाबून धरले गेले होते. बाहेरच्या बाजूला पॅडच्या आकाराची अंधुक छाप खरोखरच होती. डाव्या डिस्कपुरतं यावर भागलं असतं.

दुसरा: टर्निंग. २७.०५ मधून दोन्ही बाजूंनी ०.२ काढले तरी २६.६५ उरतात, कागदावर चालतंय. काकांचा आग्रह याचाच.

तिसरा: फक्त उजवी डिस्क बदलायची.

चौथा: दोन्ही डिस्क आणि पॅड बदलायचे.

कारण दूर केल्याशिवाय यातला कोणताही पर्याय टिकणार नव्हता, म्हणून पिना, सील किट आणि ऑइल हे चारही पर्यायांत धरलं.

लेथवर

भेग पाहिल्यावर आमचा टर्निंगला विरोध होता. काकांना तो दुकानदारी वाटला, आणि तसं वाटणं साहजिक आहे. नव्या डिस्कच्या जोडीचा खर्च टर्निंगच्या कित्येक पट होता. वाद घालण्यापेक्षा आम्ही म्हटलं, "काका, उजवी टर्नरकडे नेऊ, एक हलका कट मारू, तुम्ही स्वतः बघा. पटलं नाही तर पुढचं बोलू."

टर्नरने डिस्क आतल्या बाजूने लावली आणि कट सुरू केला. चांगल्या भागावर हत्यार एकसारखी सूं अशी लय धरायचं आणि प्रत्येक ठिपक्यावर 'टिक' करून उचललं जायचं. एका फेरीत तितकेच टिक, ज्या जागी ठिपके त्याच जागी. कट संपल्यावर राखाडी पृष्ठभागावर ते ठिपके चकचकीत बेटांसारखे शिल्लक होते, कारण हत्यार त्यांच्यावरून उडून गेलं होतं. टर्नर अनुभवी, म्हणाला, "साहेब, ग्राइंडिंगने सपाट करता येईल. पण हा कडकपणा खाली मुरलाय. पाच हजार किलोमीटरनी परत वर येणार." भेगही गेली नव्हती, उलट स्वच्छ पृष्ठभागावर जास्त ठळक दिसत होती.

काकांनी दोन्ही बोटं फिरवून पाहिली आणि टर्निंगचा विषय संपला.

मग डाव्या डिस्कवर चर्चा झाली. "ती चांगली आहे म्हणता ना? मग ती का बदलायची?" प्रश्न रास्त होता. एका अॅक्सलवरच्या डिस्क जोडीने बदला, असं निर्मात्यांचं सर्वसाधारण सांगणं असतं, आणि त्यामागे कारण आहे: एका बाजूला नवा खरखरीत पृष्ठभाग आणि दुसऱ्या बाजूला जुना गुळगुळीत, अशा स्थितीत सुरुवातीचे काही शे किलोमीटर ब्रेक एका बाजूला ओढू शकतो. पण डावी डिस्क जेमतेम ०.७ मिलिमीटर झिजली होती. नवे पॅड आणि हलकी घासणी देऊन ती चालवता आली असती. आम्ही दोन्ही बाजू सांगितल्या. काका म्हणाले, "पुढच्या महिन्यात मुलगी-जावई हीच गाडी घेऊन गोव्याला जाणार आहेत. जोडी घाला."

काम

दोन्ही हब गंजमुक्त केले. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल क्लीनरने पुसलं. हे राहिलं तर नवे पॅड पहिल्याच दिवशी तेल पितात. डिस्क बसवून पुन्हा डायल गेज लावला: उजवी ०.०३, डावी ०.०२. उजव्या कॅलिपरला सील किट, दोन्ही बाजूंना नव्या पिना आणि बूट, पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस. साधं चाकाचं ग्रीस तिथे घातलं की रबर फुगतं. ती तपकिरी पेस्ट बहुधा तीच. ब्रेक ऑइल पूर्ण बदलून डॉट ४ घातलं, चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढली. नट टॉर्क पान्याने, निर्मात्याच्या आकड्याला.

बेडिंग आम्हीच करून दिलं. साठच्या वेगातून वीसपर्यंत मध्यम दाबाने, पूर्ण न थांबता, दर वेळी मध्ये थोडं अंतर सोडून, आठ-दहा वेळा. नंतर ब्रेक न लावता काही किलोमीटर गाडी गार होऊ दिली. हे काम ग्राहकावर सोपवलं की होत नाही, आणि महिन्याभराने 'नवी डिस्क पण वाकली' म्हणून फोन येतो.

निकाल

बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार तिसऱ्या गिअरमध्ये उतरून डिस्क पाहिल्या: डावी १२०, उजवी १२६. थरथर नाही. तीन महिन्यांनी, गोव्याची फेरी झाल्यावर, गाडी पुन्हा मोजली. जाडीतला फरक दोन्हीकडे ०.०१ च्या आत, आतला आणि बाहेरचा पॅड सारखे झिजलेले. तापायचं कारण गेलं होतं याची खात्री पटली ती या तीन महिन्यांनंतरच्या मोजमापाने, पहिल्या दिवशीच्या तापमानाने नव्हे.

काय वेगळं करता आलं असतं

घाटात धूर दिसला तेव्हा वीस मिनिटं कमी होती. एवढ्या तापलेल्या डिस्कला चाकाच्या आत गार व्हायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो, आणि पेडल एकदा खाली गेल्यावर भरली गाडी पुढे काढण्यापेक्षा माणसं दुसऱ्या वाहनाने उतरवून, रिकामी गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आणणं किंवा टो करणं बरं. थांबतानाही पाय ब्रेकवर न ठेवता, हँडब्रेक न ओढता, गाडी गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावायचा. गरम पॅड दाबून धरला की छाप उमटते आणि मागचे ड्रमही गरमच असतात.

पहिल्या गॅरेजकडे डायल गेज नसेल, हे समजण्यासारखं आहे. पण पॅड काढले तेव्हा आतला २ आणि बाहेरचा ६ हे उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. तिथे पिन हलवून पाहायला पाच मिनिटं लागली असती आणि तापायचं कारण तेव्हाच सापडलं असतं. ठिपके तेव्हाही असते, भेग कदाचित एवढी वाढली नसती.

ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं, हे बहुतेक मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं आणि बहुतेक सर्व्हिसमध्ये राहून जातं, कारण त्याने गाडी चालवताना काहीच फरक जाणवत नाही. जाणवतो तो आंबेनळीत.

डाव्या डिस्कबद्दल आमच्या गॅरेजमध्ये अजून दोन मतं आहेत. एकाचं म्हणणं, मोजमापात बसणारा भाग काढून टाकणं म्हणजे ग्राहकाचा पैसा वाया घालवणं. दुसऱ्याचं म्हणणं, ज्या गाडीला पुढच्या महिन्यात पुन्हा घाट उतरायचाय आणि चालवणारे तेच आहेत, तिथे दोन बाजूंचे ब्रेक वेगवेगळे वागण्याची शक्यता ठेवायची नाही. गाडी शहरातल्या शहरात फिरणारी असती तर पहिलं मत चाललं असतं. ती डिस्क आम्ही मोजमापं लिहून रॅकवर ठेवली आहे. जावयांना मात्र काकांनी स्वतः सांगितलं म्हणे, की ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. कसं सांगितलं ते विचारायचं आम्ही टाळलं.